चटक, धाक आणि सवय

(गगनबावडा येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कृषि विद्यापीठाचा माणूस बोलावयास उभा राहिला की तो वाण, खताच्या मात्रा आणि फवारणी यांविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मात्र थोडा निराळा विषय घेतला आहे. गोठ्यातील म्हैस लाथ मारायला का शिकते, रानातील गवा एकाच शेतात पुन्हा पुन्हा का येतो, उंदीर विषारी आमिष का टाळतो आणि आपण स्वतः भातावर गरजेपेक्षा जास्त युरिया का फेकतो, या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच नियम आहे. तो नियम नीट कळला तर काही नुकसान टळते, काही खर्च वाचतो आणि प्रसंगी माणसाचा जीवही वाचतो. म्हणून आज पिकाऐवजी वागणुकीविषयी बोलावे असे ठरविले.

परिणामाचा नियम

आपल्याकडे 'चटक लागली', 'जनावर चटावले', 'सोकावले' असे शब्द पूर्वापार आहेत. म्हणजे आपल्या वाडवडिलांना हा नियम अनुभवाने ठाऊक होता. शास्त्रज्ञांनी तो मोजून दाखविला. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाईक या शास्त्रज्ञाने १८९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेले मांजर एका पेटीत ठेवायचे आणि बाहेर खाऊ ठेवायचा. आतील दोरी ओढली किंवा खिटी दाबली की दार उघडते. पहिल्या वेळी मांजर ओरबाडते, चावते, धडपडते आणि योगायोगाने खिटीवर पंजा पडून सुटते. पुढच्या वेळी थोडे लवकर सुटते. अशा अनेक वेळा झाल्यावर ते आत ठेवताच सरळ खिटीकडे जाते. मांजराला कोणी काही समजावून सांगितले नव्हते. ज्या कृतीला चांगले फळ आले ती टिकली आणि ज्या कृतींना फळ आले नाही त्या गळून गेल्या. याला 'परिणामाचा नियम' म्हणतात.

पुढे बी. एफ. स्किनर या शास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरे यांच्यावर वर्षानुवर्षे प्रयोग करून हा विषय वाढविला. त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १९३८ साली आला. मराठी पाठ्यपुस्तकांत या प्रकारच्या शिकण्याला 'साधक अभिसंधान' आणि कृतीला बळ देणाऱ्या फळाला 'प्रबलन' म्हणतात. शब्द जड आहेत, पण गोष्ट सोपी आहे. आपल्या कामापुरते पाच मुद्दे ध्यानात ठेवावेत.

१) कृतीनंतर लाभ झाला तर ती कृती पुन्हा होते.

२) कृतीनंतर त्रास थांबला तरीही ती कृती पुन्हा होते. त्रास टळणे हेसुद्धा एक फळच आहे.

३) फळ किंवा शिक्षा कृतीला जितकी लागून येईल तितका तिचा ठसा पक्का उमटतो. उशिरा आलेल्या परिणामाचा कृतीशी संबंध सहसा जोडला जात नाही.

४) नेहमी मिळणारे फळ बंद झाले तर सवय लवकर सुटते. कधी मिळते, कधी मिळत नाही अशा फळाची सवय मात्र फार चिवट असते. मटक्याचे व्यसन सुटत नाही ते याच कारणाने.

५) फळ बंद केले की सवय लगेच सुटत नाही. आधी काही काळ ती वाढते आणि मग उतरणीला लागते.

या पाच मुद्द्यांच्या उजेडात आता आपण गोठा आणि शिवार पाहू.

गोठ्यातील धडे

धारेला बसताना चरवीचा किंवा बादलीचा आवाज झाला, आंबोण पुढे आले की म्हैस पान्हा सोडते, हे आपण रोज पाहतो. रेडकाच्या पिण्याने, कास धुण्याने किंवा हाताच्या स्पर्शाने म्हशीच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते आणि दूध सडाकडे उतरते. त्याचा जोर काही मिनिटेच टिकतो. रोज त्याच वेळी, त्याच माणसाने, त्याच क्रमाने धार काढली तर नुसत्या आवाजानेच पान्हा सुटू लागतो. उलट त्या वेळी जनावराला मारले, ओरडले, कुत्रे अंगावर आले तर भीतीमुळे दुसरे संप्रेरक स्रवते आणि दूध चढते. एकदा मारलेला फटका एका धारेपुरता राहत नाही. ती जागा, ती वेळ आणि तो माणूस ही म्हशीच्या लेखी भीतीची खूण बनतात. म्हणून धारेच्या वेळी जनावरावर हात उगारू नये.

आता लाथ मारणाऱ्या म्हशीचा विचार करा. पहिल्यांदा ती लाथ मारते ते बहुधा सडाला चीर पडली आहे, कासदाह आहे किंवा हाताची नखे लागली आहेत म्हणून. लाथ बसताच धार काढणारा दचकून उठतो आणि बाजूला होतो. म्हशीच्या दृष्टीने पाहिले तर लाथ मारली आणि त्रास थांबला. दुसरा मुद्दा आठवा. चार वेळा असे झाले की सड बरा झाला तरी लाथ सुरूच राहते. मग आपण म्हणतो, म्हैस खोडीची निघाली. खोड तिच्या रक्तात नसते. ती आपल्या गोठ्यात शिकलेली असते. उपाय असा की प्रथम कास तपासून दुखणे बरे करावे. त्यानंतर मागचे पाय दोरीने सैल बांधावेत, लाथ आली तरी हात एकदम काढून घेऊ नये आणि ती शांत उभी राहिली की आंबोणाची मूठ त्याच क्षणी पुढे टाकावी.

हंबरून दावण डोक्यावर घेणाऱ्या जनावराचेही तसेच. ते हंबरले की आपण कटकट नको म्हणून वैरण टाकतो. म्हणजे वैरणीचा मोबदला देऊन आपण त्याला हंबरायला शिकवितो. वैरणीची वेळ ठरवावी आणि जनावर शांत असताना ती टाकावी. सुरुवातीचे तीन-चार दिवस हंबरणे वाढेल. तो पाचवा मुद्दा होय. त्या दिवसांत माघार घेतली तर जनावर आणखी मोठ्याने हंबरायला शिकते.

खोंड औताला लावताना जाणता शेतकरी कासरा ओढतो आणि खोंड वळताच कासरा लगेच सैल सोडतो. शिकविण्याचे काम ओढण्यापेक्षा त्या सैल सोडण्याने होते. जो माणूस खोंड वळल्यावरही कासरा ताणूनच धरतो, त्याचा बैल पुढे कासऱ्याला दाद देत नाही.

उंदराचा शहाणपणा

भात आणि ऊस या दोन्ही पिकांत उंदीर मोठे नुकसान करतात. झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवले की पहिल्या रात्री काही उंदीर मरतात, नंतर मात्र आमिष तसेच पडून राहते, अशी तक्रार आपण ऐकतो. त्याचे कारण उंदराच्या शिकण्यात आहे. उंदीर नवी वस्तू आधी थोडीशीच चाखतो. झिंक फॉस्फाईड काही तासांतच परिणाम दाखविते. थोडे खाऊन वाचलेला उंदीर आजारपणाचा संबंध त्या खाण्याशी जोडतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. याला 'आमिषभीरुता' म्हणतात. पोटातील त्रास काही तासांनी जाणवला तरी त्याचा संबंध खाल्लेल्या चवीशी जोडला जातो, हे जॉन गार्सिया या शास्त्रज्ञाने १९५५ सालापासूनच्या प्रयोगांनी उंदरांवर दाखवून दिले. तिसऱ्या मुद्द्याला असलेला हा अपवाद निसर्गाने जीव वाचविण्यासाठीच ठेवलेला दिसतो.

म्हणूनच शिफारस अशी आहे की आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा, थोडे गोडेतेल लावून, बिळांच्या तोंडाशी ठेवावा. उंदराला त्या खाण्याची चटक लागू द्यावी. मगच विष मिसळलेले आमिष द्यावे. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे निराळ्या रीतीने काम करतात. त्यांचा परिणाम काही दिवसांनी होतो, त्यामुळे उंदराला आमिष आणि आजार यांची सांगड घालता येत नाही. कोणतेही विष वापरताना वेष्टनावरील सूचना पाळाव्यात, आमिष बिळात टाकावे, मुले आणि जनावरे तेथे जाणार नाहीत अशी काळजी घ्यावी आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. ही मोहीम एकट्याच्या शेतात करून उपयोग नाही. सर्व शिवाराने ती एकाच वेळी करावी.

गवा शेतात का येतो

आता या भागातील सर्वांत जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे वळू. गगनबावडा तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. पलीकडे करूळ आणि भुईबावडा घाट उतरतात. दक्षिणेला राधानगरी अभयारण्य आहे. १९५८ साली दाजीपूरचे गवा अभयारण्य म्हणून ते घोषित झाले, १९८५ साली त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरच्या वर गेले. गव्याचे हे घरच आहे. त्याच्या घराला लागून आपले भात, नाचणी आणि ऊस आहेत.

गव्याच्या दृष्टीने हिशेब करा. रानात पोटभर चरायला त्याला मैलोगणती फिरावे लागते, तेही उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर. उसाच्या फडात किंवा पोटरीतील भातात तेवढ्याच वेळात त्याला रसाळ आणि सकस चारा एका जागी मिळतो. श्रम कमी, फळ मोठे आणि तेही तत्काळ. पहिल्याच रात्री पहिला धडा पक्का होतो. कळपातील वासरेही मोठ्यांच्या मागे तीच वाट शिकतात.

त्यावर आपण काय करतो? बुजगावणे उभे करतो, डबे वाजवितो, फटाके लावतो. पहिल्या दोन-तीन रात्री गवे बिचकतात. पण आवाज होतो आणि त्यापुढे काहीच घडत नाही, हे त्यांच्या ध्यानात येते. ज्या धाकामागे परिणाम नाही तो धाक चार दिवसांत विरतो. बुजगावणे एकाच जागी, एकाच वेशात महिनाभर उभे राहिले तर पाखरे त्याच्या खांद्यावर बसतात, हे आपण पाहिले आहेच.

राखणीचे म्हणाल तर त्यातही एक अडचण आहे. दोन रात्री माळ्यावर जागायचे आणि तिसऱ्या रात्री थकून घरी झोपायचे, असे झाले की गव्याला कधी हाकलले जाते आणि कधी पोटभर मिळते. चौथ्या मुद्द्याप्रमाणे ही सवय सर्वांत चिवट. अर्धवट राखणीने गवा हटत नाही, उलट तो चिकाटी शिकतो. म्हणून राखण करावयाची असेल तर ती पाळीपाळीने, साऱ्या शिवाराने आणि एकही रात्र न चुकविता करावी. एका घराला हे जमत नाही, दहा घरांना जमते. पिकाच्या नाजूक काळात, म्हणजे भात पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंत, तरी पाळी मोडू देऊ नये.

हत्तींची गोष्टही हेच सांगते. २००२ साली कर्नाटकातून रानटी हत्ती सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात उतरले, पुढे आपल्या जिल्ह्यातील चंदगड आणि आजरा भागातही त्यांचा वावर सुरू झाला. केळी, नारळ, ऊस यांची चव लागली आणि वाटा ठरून गेल्या. एकदा पडलेली वाट मोडणे अवघड असते. ती पडूच न देणे त्या मानाने सोपे असते.

सौर कुंपण हा शिक्षक आहे

सौर कुंपण हे भिंतीसारखे काम करते असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. टनाच्या आसपास वजनाचा गवा त्या तारा सहज तोडू शकतो. कुंपण त्याला अडवीत नाही, ते त्याला शिकविते. बॅटरीवर चालणारे यंत्र सेकंद-सव्वा सेकंदाच्या अंतराने तारेत काही हजार व्होल्टचा झटका सोडते. झटका सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता असतो. त्याने तीव्र वेदना होते, पण जनावर तारेपासून सुटू शकते. गवा ओल्या नाकाने तार हुंगतो आणि त्याच क्षणी झटका बसतो. कृती आणि परिणाम यांत अंतरच नाही. तिसरा मुद्दा येथे पूर्णपणे साधतो.

परंतु शिक्षक प्रत्येक वेळी हजर असला तरच धडा पक्का होतो. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, बॅटरी उतरते. गवत आणि वेली वाढून तारेला टेकतात आणि झटक्याचा जोर जमिनीत जातो. उन्हाळ्यात उलट होते. जांभा जमीन कोरडी पडून यंत्राची भूजोडणी नीट राहत नाही. अशा वेळी गवा तारेला नाक लावतो आणि काहीच होत नाही. त्या एका रात्रीत तो दोन गोष्टी शिकतो. तारेत नेहमी झटका नसतो, आणि तार रेटली तर पलीकडे ऊस आहे. पुढे झटका बसला तरी तो रेटून पाहतो.

म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) कुंपण पहिल्या धाडीच्या आधी, म्हणजे पीक पोटरीत येण्यापूर्वी सुरू करावे. सवय लागल्यावर बसविलेले कुंपण निम्मेच काम करते.

२) तारेखालील गवत पावसाळ्यात दर आठवड्याला कापावे. चिनी मातीचे किंवा प्लॅस्टिकचे रोधक फुटले असल्यास बदलावेत.

३) तारेतील दाब दररोज संध्याकाळी मापकाने पाहून वहीत लिहावा. उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेखाली तो गेल्यास त्याच दिवशी कारण शोधावे.

४) भूजोडणीच्या सळया ओलसर जागी खोल ठोकाव्यात. उन्हाळ्यात त्यांच्या बुडाशी पाणी घालावे.

५) पावसाळ्यासाठी बॅटरी पुरेशा क्षमतेची घ्यावी आणि जुनी झाल्यास वेळीच बदलावी.

६) आधीच चटावलेले गवे पहिल्या काही रात्री जास्त जोराने प्रयत्न करतील. 'कुंपणाचा उपयोग नाही' म्हणून याच वेळी यंत्र बंद केले जाते. नेमके तेव्हाच ते चालू ठेवावयाचे असते.

सौर कुंपणासाठी शासनाच्या योजनेतून अनुदान मिळते. त्याची चालू माहिती वन विभागाच्या किंवा कृषि विभागाच्या कार्यालयात घ्यावी. शक्य असेल तेथे दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून एकच कुंपण करावे आणि गवत कापण्याच्या पाळ्या लावाव्यात.

परिणाम खरा असेल तर धाक टिकतो, याचे आणखी एक उदाहरण शेजारच्या कर्नाटकातील आहे. कोडगू जिल्ह्यात मार्च २०२१ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने हत्तींच्या वाटेवर मधमाश्यांच्या पेट्या लावण्याचा प्रयोग सुरू केला. आफ्रिकेत केनियामध्ये अशी मधमाश्यांची कुंपणे आधीपासून आहेत. फटाक्यानंतर काही होत नाही, पण माशी उठली तर डंख बसतो, हा त्यातील फरक होय.

तारेत घरची वीज कधीही सोडू नये

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. काही ठिकाणी रागाच्या भरात खांबावरची किंवा मोटारीची वीज थेट कुंपणाच्या तारेत सोडली जाते. हा सौर कुंपणाचा स्वस्त प्रकार नाही. सौर कुंपणाचा झटका क्षणाचा असतो. घरची वीज २३० व्होल्टची आणि अखंड असते, तिने स्नायू आखडतात आणि जीव तारेला चिकटून राहतो. रात्री पाणी पाजायला गेलेला शेजारी, वैरणीला गेलेली बाई, खेळता खेळता चेंडूमागे धावलेले मूल, यांतील कोणीही त्या तारेवर जाऊ शकते. आपले स्वतःचे माणूस जाऊ शकते.

कायद्याने हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला सर्वांत कडक संरक्षण आहे. माणूस दगावला तर परिणाम काय, हे सांगण्याची गरज नाही. आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तरी हा उपाय फसवा आहे. मेलेला गवा काही शिकत नाही. झटका खाऊन परत गेलेला गवा दुसऱ्या दिवशीही ते शेत टाळतो. मेलेल्याची जागा मात्र रानातला दुसरा गवा घेतो, आणि त्याला त्या तारेविषयी काहीही ठाऊक नसते.

नुकसान झाल्यास भरपाईसाठी लवकरात लवकर वन विभागाकडे अर्ज द्यावा, पंचनामा करून घ्यावा. भरपाईला वेळ लागतो, रक्कम कमी वाटते, म्हणून बरेच शेतकरी अर्ज करावयाचेच सोडून देतात. हाही उशिरा येणाऱ्या फळाचाच परिणाम आहे. पण अर्जच नसतील तर या शिवारात किती नुकसान होते याची नोंदही होत नाही. गावाने एक वही ठेवावी, तारीख, गट क्रमांक, पीक, किती गुंठे गेले हे लिहावे. अर्जही एकेकट्याने न करता एकत्र जाऊन करावेत.

वानरांना खाऊ घालू नका

घाटरस्त्यावर थांबून वानरांना बिस्किटे, केळी, शेंगदाणे देणारे प्रवासी आपण पाहतो. पुण्य लागते अशी त्यांची भावना असते. वानर त्यातून एवढेच शिकते की माणूस आणि पिशवी दिसली की खाणे मिळते. कधी मिळते, कधी मिळत नाही, म्हणून सवय अधिक चिवट होते. मग प्रवासी निघून जातात आणि तीच टोळी आपल्या परड्यातील फणस, केळी आणि कौलारू घराचे छप्पर यांवर येते. दुकानदार आणि ग्रामपंचायत यांनी घाटाच्या तोंडाशी फलक लावावेत, खरकटे आणि सडकी फळे उघड्यावर टाकू नयेत. फळ मिळणे पूर्ण थांबले तर सवय उतरते, पण दहांपैकी दोघांनी जरी खाणे दिले तरी ती उतरत नाही.

आता आपल्याविषयी

बंधूंनो, म्हैस, उंदीर आणि गवा यांना लागू असलेला नियम माणसाला लागू नाही असे समजू नये. आपल्याला विचार करता येतो हे खरे, पण हात बहुधा सवयीनेच चालतात.

भातावर युरिया फेकला की चार-पाच दिवसांत शेत हिरवेगार दिसते. शेजारी विचारतो, काय टाकलेस? हे फळ तत्काळ आणि डोळ्यांना दिसणारे. आपल्या पावसात त्या युरियाचा मोठा भाग वाहून किंवा झिरपून जातो, हे दिसत नाही. जास्त नत्राने पुढे करपा येतो, तुडतुडे वाढतात, भात लोळतो. तो परिणाम दीड-दोन महिन्यांनी येतो, तेव्हा आपण दोष वाऱ्याला, पावसाला, बियाण्याला देतो. तिसरा मुद्दा पुन्हा आठवा. उशिरा आलेल्या शिक्षेतून कोणीच शिकत नाही.

यावर उपाय चारसूत्री भातशेतीत आहे. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा यांचा फेरवापर, गिरीपुष्पाचा पाला हेक्टरी सुमारे ३ टन चिखलणीपूर्वी जमिनीत मिसळणे, दोरीवर २५-१५ सें.मी. आलटूनपालटून नियंत्रित लावणी, आणि लावणीच्या दिवशीच प्रत्येक चार चुडांमध्ये २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सें.मी. खोल खोचणे, अशी ही चार सूत्रे आहेत. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे सुमारे १७० किलो लागतात. खत चिखलात खोल असल्याने पाण्याबरोबर वाहत नाही आणि पिकाला हळूहळू मिळते. अडचण एकच. ब्रिकेट खोचण्याचे श्रम आज होतात, फळ कापणीला दिसते.

म्हणून फळ दिसेल अशी व्यवस्था स्वतःच करावी. शेताच्या एका कडेला एक गुंठा आपल्या जुन्या पद्धतीने ठेवावा आणि खुंट्या ठोकून वेगळा करावा. बाजूचा एक गुंठा चारसूत्रीने करावा. खर्च वेगवेगळा लिहावा. कापणीला दोन्हींचे भात वेगळे झोडून वजन करावे. ते दोन आकडे वहीत समोरासमोर आले की कोणाच्या भाषणाची गरज राहत नाही.

उसाच्या पाचटाचेही असेच आहे. काडी लावली की तासाभरात रान मोकळे. पण हेक्टरी ८ ते १० टन पाचट म्हणजे तेवढे सेंद्रिय खत धुरात जाते, ते दिसत नाही. त्याऐवजी पाचट सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, आणि हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकावे. जमिनीचा कस वाढलेला दिसावयास वर्षे लागतात. पण तण कमी उगवते आणि पाण्याची पाळी लांबते, हे पहिल्याच हंगामात दिसते. वाचलेल्या भांगलणीची मजुरी त्याच आठवड्यात वहीत लिहावी. लवकर दिसणारे फळ हाताशी असले की लांबच्या फळापर्यंत पोहोचण्याचा धीर येतो.

घरात आणि मजुरांच्या बाबतीतही हाच विचार ठेवावा. चुकल्यावर ओरडणारे पुष्कळ असतात. दोरी सरळ धरून लावणी करणाऱ्या बाईला 'आजची लावणी चांगली झाली' हे त्याच बांधावर सांगणारे थोडे. मार आणि ओरडा यांनी काम थांबविता येते, नवे काम शिकविता येत नाही. शिवाय मारणाऱ्याचीच भीती बसते. मूल चोरून करायला शिकते, गडी मालक नसताना हयगय करायला शिकतो.

थोडक्यात

१) एखादी सवय मोडावयाची असेल तर आधी तिला कोणते फळ मिळते ते शोधा.

२) ते फळ पूर्ण बंद करा. अर्धवट बंद केल्यास सवय अधिक पक्की होते.

३) बंद केल्यावर काही दिवस सवय वाढेल. तेव्हा माघार घेऊ नका.

४) जे हवे आहे त्याचे फळ त्याच वेळी द्या.

५) धाक दाखवायचा तर तो खरा, प्रत्येक वेळी आणि जीव न घेणारा असावा.

६) आपल्या शेतातील उशिरा येणारे परिणाम वहीत उतरवून डोळ्यांसमोर आणा.

यंदाच्या खरिपात प्रत्येकाने यांतील एक तरी गोष्ट करून पाहावी. ज्या शिवाराला रान लागून आहे त्यांनी भात पोटरीत येण्यापूर्वी एकत्र बसून राखणीच्या पाळ्या आणि कुंपणाची देखभाल ठरवावी. आणि कोणाच्याही तारेत घरची वीज दिसली तर भीडभाड न ठेवता, त्याच दिवशी, ती काढावयास लावावी.